ज्यू गाण्यांचा कार्यक्रम, शनिवारी सकाळी नऊला

रेडिओवर ज्यू गाण्यांचा कार्यक्रम करायला मिळाला, तेव्हा मी त्याच्यासाठी शनिवार सकाळची वेळ मागून घेतली. मी स्वतः ज्यू आहे.

यातला मूर्खपणा ज्यांच्या लगेच लक्षात आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की संपतो. तेवढ्या वेळात काम नाही, विस्तव नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. म्हणजे रेडिओही नाही. कोकणात आमच्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणायचे. धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. आमच्या लोकांची अख्ख्या किनाऱ्यावर ओळख काय, तर ‘शनिवारी बंद’. अशा लोकांत जन्म घेऊन मी नेमकं शनिवारी दुकान उघडलं, तेही मायक्रोफोन लावून.

झालं असं. घाटकोपरला एका संस्थेने उपनगरांपुरतं पोचेल असं छोटं रेडिओ केंद्र काढलं होतं. मी तेव्हा विम्याच्या ऑफिसात होतो, राहायला मुलुंडला, आणि घरात चाळीसेक कॅसेटी होत्या. रायगडातल्या गावागावांत फिरून आमच्या म्हाताऱ्या बायकांकडून रेकॉर्ड करून आणलेली मराठी गाणी. मेंदीची, पाळण्याची, विहिरीत टाकलेल्या योसेफची, आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची. या गाण्यांचा रेडिओवर कार्यक्रम व्हायला हवा आणि तो माझ्याइतका चांगला कोणी करू शकणार नाही, याबद्दल मला जराही शंका नव्हती. आजही नाही.

केंद्राचे तेव्हाचे प्रमुख निवृत्त प्राध्यापक होते. भला माणूस. त्यांनी दोन गाणी ऐकली, मान डोलवली आणि म्हणाले, “अर्धा तास देतो. मंगळवारी दुपारी तीन मोकळे आहेत, नाहीतर शनिवारी सकाळी नऊ. कुठली वेळ हवी?”

मंगळवारी दुपारी तीनला मुलुंड झोपलेलं असतं. शनिवारी नऊला लोक दुसरा चहा घेत असतात. मी त्या क्षणी पूर्णपणे रेडिओवाला झालो होतो, दुसरं काही उरलोच नव्हतो. म्हटलं, “शनिवार.”

“हां, तुमच्यात शनिवारचं काहीतरी विशेष असतं ना?”

“फार विशेष असतं, सर.”

“मग तसं एका पत्रात लिहून द्या. फाइलला राहील.”

मी तिथेच बसून झोकदार अक्षरात लिहून दिलं. आमच्या समाजात शनिवार हा अत्यंत पवित्र दिवस असल्याने कार्यक्रमास कृपया शनिवारचीच वेळ मिळावी. खाली सही, सहीखाली दोन रेघा.

घरी आलो. आई वाल सोलत बसली होती.

“मिळाला,” मी म्हणालो.

“किती वाजता?”

“सकाळी नऊ.”

“वार कुठला?”

मी वार सांगितला. सांगताना शेवटच्या अक्षरावर माझा आवाज थोडा पडला, कारण ते अक्षर उच्चारतानाच मला कळलं होतं. आईच्या हातातला वाल हातातच राहिला.

“शनिवारी आपण रेडिओ लावतो का रे?”

“नाही.”

“मग लावणार कोण?”

बायको आतून म्हणाली, “तरी मी म्हणत होते आई, यांना एकट्याला पाठवू नका.”

आता कुणालाही वाटेल की दुसऱ्या दिवशी जाऊन दिवस बदलून घ्यावा. पण तोवर सरांनी माझं पत्र वाचून समितीला भाषण दिलं होतं, अल्पसंख्य समाजाच्या पवित्र दिवसाचा मान वगैरे, आणि फलकावर खडूने कार्यक्रमाची वेळसुद्धा लिहिली होती. मी त्यांना काय सांगणार, की सर, आमच्या पवित्र दिवशी आम्ही तुमचा कार्यक्रम ऐकूच शकत नाही? म्हटलं, दोन-तीन महिन्यांनी सांगू. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली.

कार्यक्रम मी बुधवारी ऑफिस सुटल्यावर रेकॉर्ड करून ठेवायचो. म्हणजे शब्बाथ मी मोडत नव्हतो, केंद्राचं यंत्र मोडत होतं, आणि यंत्र काही ज्यू नव्हतं. आमच्यातले बरेच जण तसे सैल आहेत, शनिवारी ऑफिसला जातात, मोबाइल बघतात. पण जे सैल ते कामावर आणि जे कडक ते सिनेगॉगमध्ये, त्यामुळे सकाळी नऊला माझ्या समाजातलं एक माणूस रेडिओजवळ सापडायचं नाही. एकटा कांदिवलीचा माझा मेहुणा दर आठवड्याला फोन करायचा, “दाजी, झकास झाला कार्यक्रम!” पाच वर्षांनी मला केंद्रातल्या तंत्रज्ञाने सांगितलं की आपला आवाज पवईच्या टेकड्या ओलांडत नाही, कांदिवलीला तर पोचतच नाही. मेहुण्याला मी अजून बोललेलो नाही. इतकं नियमित कौतुक कोण करतं हल्ली?

मग ऐकायचं कोण? तर बाकी सगळे. भांडुपच्या एक बाई पोळ्या लाटताना ऐकायच्या. चेंबूरला एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी आमच्या सणांची नावं वहीत लिहून ठेवली होती आणि माझी चूक झाली की पोस्टकार्ड टाकायचे. देवनारचे एक चाचा फोन करायचे की तुमचा तो विहिरीतला योसेफ म्हणजे आमचे यूसुफ, ते गाणं परत लावा. शेजारची गुजराती मुलं ‘एलियाहू हन्नाबी’ गुणगुणत क्रिकेट खेळायची. कोकणातून निघालेली आमची गाणी मुलुंड-घाटकोपरला पोचली ती आमच्या माणसांना वगळून.

आणि मी चुका करत होतो, पण चांगल्या दमाने करत होतो. तिसऱ्याच आठवड्यात मी एका आजीची कॅसेट न तपासता दिली. गाणं छान सुरू झालं, दुसऱ्या कडव्यात आजी थांबली आणि तिने परड्यात घुसलेल्या शेळीला, शेळीच्या मालकाला आणि मालकाच्या आईला जे काय ऐकवलं ते जसंच्या तसं प्रक्षेपित झालं. पुढचे दोन महिने पत्रं आली, शेळीचं गाणं पुन्हा लावा. दुसरं एकदा, बिरड्याच्या रोज्याआधीचे, म्हणजे आमच्या एका मोठ्या उपासाआधीचे आठवडे होते. यरुशलेमचं आमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचे दिवस, लग्नकार्य नाही, वाद्यं नाहीत. मी लावली मेंदीची गाणी, ढोलकीसकट. रविवारी सिनेगॉगमधल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांचा फोन.

“सुतकात नवरी नाचवलीस म्हणे?”

“काका, तुम्ही ऐकलंत? शनिवारी?”

पलीकडे काका दोनदा खाकरले. मग, “दूधवाल्याच्या मोबाइलवर लागलं होतं,” आणि फोन बंद.

तर अशा रीतीने मी नावारूपाला आलो. मुलुंडच्या बाजारात नुसत्या आवाजावरून मला लोक ओळखतात, भाजीवाल्याशी भाव करताना शेजारी उभी बाई म्हणते, तुम्ही शनिवारचे ना? मला हे आवडत नाही असं मी म्हणणार नाही.

फक्त आईने कार्यक्रम कधी ऐकला नाही. मला येतात त्या गाण्यांतली अर्धी तिच्याकडूनच आलेली. मी तिला रेकॉर्ड केलेला कार्यक्रम घरी कितीदा ऐकवायला बघितला, पहिल्यांदा कॅसेटवर, मग सीडीवर, मग पेन ड्राइव्हवर. तिचं उत्तर एकच. “डब्यात भरलेलं ऐकायचं तर रेडिओ कशाला? रेडिओ म्हणजे काय, मी इथे ऐकते तेव्हा आणखी दहा घरांत लोक ऐकत असतात. ते वेगळं.”

तिला बातमी मिळायची ती शेजारच्या मालवणी काकींकडून. काकींचे यजमान गिरणीत होते, गिरणी गेल्यावर ही मंडळी परळहून मुलुंडला आली. दर शनिवारी काकी कार्यक्रम ऐकायच्या आणि संध्याकाळी चांदण्या दिसल्या की दारात येऊन आईला अहवाल द्यायच्या. “वयनीनु, आज तुमच्या झिलान चार गाणी लावल्यान. तिसरा बरा होता.” आई विचारायची, “आणि चौथं?” काकी खरं बोलणाऱ्या. “चवथ्याक माका झोप लागली.”

गेल्या वर्षी आईचा डावा कान गेला. उजव्याचंही काही खरं नाही, कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चौऱ्याऐंशीचं वय, यंत्र लावून काही महिने निघतील, वर्षही निघेल, पण गाणं गाण्यासारखं ऐकू येणं लवकरच थांबेल. आईने ते शांतपणे ऐकलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “तू मला एकदा गायला लाव.”

“कुठे?”

“तुझ्या त्या रेडिओवर. आणि मला ते रेडिओवर ऐकायचंय. डब्यातलं नाही.”

अठरा वर्षांत माझ्याकडे तिने मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि माझ्याच दोन रेघांच्या सहीमुळे ती मला देता येत नव्हती.

रेकॉर्डिंग आधी उरकलं. तिला मी केंद्रावर नेलं, काचेच्या खोलीत बसवलं, समोर माइक ठेवला. आई मोकळा हात हवेत गोल फिरवत राहिली.

“काय झालं?”

“हातात पळी नाही. पळी नसली तर मला शब्द येत नाहीत.”

गाणं खिरीचं होतं. आमच्यात नव्या वर्षानंतर लगेच खिरीचा सण येतो. नारळाच्या दुधातली खीर करतात, आणि ती सतत ढवळावी लागते. ढवळताना म्हणायचं हे गाणं आईला तिच्या आजीने शिकवलेलं, शेताला, गाईला, घरातल्या एकेका माणसाला बरकत मागणारं, आणि ते तीनदा म्हणून झालं की खीर झालीच. मी शेवटी मशीन उचलून घरी आणलं आणि स्वयंपाकघरात, गॅसवर नुसतं पाणी ठेवून, तिला पळी दिली. पहिल्या दमात गायली. आवाज थोडा कापत होता, पण सूर जिथे जायला हवा तिथे जात होता. मागे पळी भांड्याला लागल्याचा आवाज आहे. तो मी काढला नाही.

मग केंद्रावर गेलो. सर केव्हाच केंद्र सोडून गेले होते, आता तिथे एक तिशीची मॅडम प्रमुख आहे, भराभर बोलणारी, भराभर निर्णय घेणारी. मी म्हटलं, मला एक भाग शनिवार सोडून दुसऱ्या दिवशी हवा.

“का पण? तुमचा तर शनिवारच असतो ना?” तिने कपाटातून फाइल काढली, पहिलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. माझं झोकदार अक्षर. “हे बघा, तुम्हीच लिहिलंय. पवित्र दिवस. शनिवारचीच वेळ. ‘च’खाली रेघ पण मारलीय.”

सुटका नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, घाण्यापासून वालापर्यंत. ती ऐकत गेली आणि तिचे डोळे मोठे होत गेले.

“म्हणजे अठरा वर्षं तुमच्या लोकांनी तुमचा कार्यक्रम ऐकलाच नाही?”

“एका काकांनी ऐकला. दूधवाल्याच्या मोबाइलवर.”

“यार, सर,” ती म्हणाली, “तुम्ही ग्रेट आहात.” हे कौतुक होतं की नाही ते मी विचारलं नाही.

अडचण नियमाची होती. वेळापत्रक बदलता येत नाही, पण सणानिमित्त विशेष कार्यक्रम कुठल्याही दिवशी ठेवता येतो. मी आनंदाने म्हटलं, मग खिरीचा सण आहे ना! गंमत म्हणजे आमच्या पंचांगात नव्या वर्षाचा पहिला दिवस काही ठरावीक वारीच येतो, त्यामुळे खिरीचा सण शनिवारी कधी येतच नाही. या वेळी तो गुरुवारी होता. आणि मोठ्या सणांसारखं त्या दिवशी काम बंद नसतं, रेडिओ लावला तर चालतं.

मॅडमने मोबाइलवर शोधलं. “सापडत नाहीये. सरकारी यादीत नाही, कॅलेंडरवर नाही. तुमच्या लोकांच्या वेबसाइटवर पण नाही.”

“नसणारच. हा फक्त आमचा, कोकणातला. बाहेरच्या ज्यूंना पण माहीत नाही.”

“मग पुरावा काय दाखवू मी समितीला?”

मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “मी.”

“तुमचा पुरावा या फाइलमध्ये आधीच आहे, सर.”

मी खुर्चीतून उठलो नाही. चेंबूरच्या मास्तरांची वही आठवली. त्यांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. मास्तरांनी पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग शाळेच्या सुरात: खिरीचा सण, नव्या वर्षापासून चौथा दिवस, नारळाच्या दुधाची खीर, पांढऱ्या कापडावर ठेवतात, धूप जाळतात, कार्यक्रमात अमुक वर्षी सांगितलं, पुढच्या वर्षी दिवस चुकीचा सांगितला, त्याबद्दल पोस्टकार्ड पाठवलं होतं, उत्तर आलं नाही. मॅडम हसायला लागली. “गुरुवार, सकाळी अकरा,” ती म्हणाली. “नवीन पत्र लिहा. आणि सही करायच्या आधी एकदा घरी वाचून दाखवा.”

त्या गुरुवारी सकाळी सातलाच खीर झाली. साडेदहाला आईने स्वच्छ लुगडं नेसून घेतलं, उजव्या कानात यंत्र बसवलं आणि रेडिओसमोर खुर्ची ओढली. मी नेहमीचा जुना रेडिओ लावला होता, पण काकींचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी मजल्यावर दवंडी पिटली होती. “आख्ख्या माळ्यार सांगलंय मी, अकराक कोणी टीव्ही लावूचो नाय.”

अकरा वाजले. माझा आवाज सुरू झाला. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला स्वतःच्या आवाजाचं काही सुचत नव्हतं, मी फक्त आईच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती मान तिरकी करून, उजवा कान पुढे करून बसली होती. ऐकू येतंय का ते कळत नव्हतं. बायकोने खुणेने विचारलं, मी खुणेने माहीत नाही म्हटलं.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मग पळी भांड्याला लागली आणि आईचा आवाज आला.

आई उठली. मला वाटलं यंत्र बिघडलं की काय. ती रेडिओ तिथेच सोडून दाराकडे गेली, दार उघडलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. काकींच्या घरातून तिचंच गाणं येत होतं. त्यापलीकडच्या गुजरात्यांकडूनही, थोडं मागे पडल्यासारखं, कारण त्यांनी मोबाइलवर लावलं होतं. खालच्या मजल्यावरून येत होतं. आई कठड्याला हात धरून एका दारावरून दुसऱ्या दाराकडे कान फिरवत होती. एका ठिकाणी ओठ हलले, मला वाटलं रडते आहे, पण ती एक शब्द दुरुस्त करत होती. “तिथे मी ‘गाई’ म्हणायला हवं होतं,” ती म्हणाली. “घाईत ‘वासरं’ म्हटलं.”

म्हणजे ऐकू आलं होतं. शब्दनशब्द.

गाणं संपलं, माझं निवेदन पुन्हा सुरू झालं आणि सगळ्या दारांतून एकदम मीच मी. गाण्याच्या इतिहासावर, खिरीवर, नारळावर, कोकणच्या किनाऱ्यावर, मातृहृदयावर. आई गॅलरीतच उभी राहून शेवटपर्यंत ऐकत राहिली. काकी बाहेर आल्या, आईचा हात धरला. “वयनीनु, बरा झाला गो गाणा. माका झोप नाय लागली.”

मी पुढे झालो. अठरा वर्षं थांबलो होतो, तेव्हा विचारण्याचा हक्क होता मला.

“आई, कसा वाटला कार्यक्रम?”

तिने यंत्र कानातून काढलं, पदराने पुसलं आणि मुठीत धरलं.

“गाणं तीन मिनिटं आणि तू वीस मिनिटं,” ती म्हणाली. “एक कान आधीच गेला ते बरं झालं. दोन्ही असते तर तुला कशी सोसणार होते मी?”